जपानमधल्या छोट्या गावात ताजी योमोगी मोची खायला कसं जायचं : ताइमादेराचं उदाहरण घेऊन सगळं सविस्तर

जपानला जाणारे आपले बरेच लोक टोकियो, क्योटो, ओसाका असा ठरलेला राउंड मारतात आणि मोची, म्हणजे वाफवलेला चिकट तांदूळ कुटून केलेली मऊ मिठाई, म्हणून एअरपोर्टवरचा रंगीत बॉक्स घेऊन येतात. त्या बॉक्समधल्या मोचीत साखर भरपूर असते म्हणून ती खूप दिवस मऊ राहते, खायला वाईट नसते, पण सकाळी कुटलेल्या आणि संध्याकाळच्या आत संपवायच्या हिरव्या मोचीशी तिचा फारसा संबंध नाही. ही हिरवी मोची, म्हणजेच योमोगी नावाचा पाला घातलेली मोची, खायची तर छोट्या गावातल्या मिठाईच्या दुकानातच जावं लागतं, आणि माझं ठाम मत आहे की दुकानाच्या वेळेप्रमाणे दिवस आखायचा, आखलेल्या दिवसात दुकान कोंबायचं नाही. असं केलं नाही तर बहुतेक वेळा बंद शटर नाहीतर रिकामी काचपेटी बघून परत यावं लागतं.

आधी वस्तू काय आहे ते बघू.

योमोगी ही आर्टेमिसिया वंशातली वनस्पती, म्हणजे आपल्या दवण्याची नातेवाईकच. चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा ज्यांनी हुंगलाय त्यांना वासाचा थोडा अंदाज येईल, फक्त योमोगीचा वास कमी गोड आणि जास्त गवताळ, किंचित कडसर. पान वरून हिरवं आणि खालून पांढुरकं, कारण खाली बारीक लव असते. ही लव वाळवून वेगळी काढली की मोगुसा मिळतो, तोच ते शेक द्यायच्या उपचारात जाळतात. मोचीसाठी मात्र वसंतातली कोवळी पालवी खुडतात, सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात उकडून कडवटपणा काढतात, थंड पाण्यात ठेवून घट्ट पिळतात, मग बारीक करून वाफवलेल्या चिकट तांदळात घालून कुटतात. आत किंवा वर अझुकीचं गोड सारण, ज्याला आन म्हणतात. अझुकी हे आपल्या चवळीच्या नात्यातलं बारीक लाल कडधान्य आहे. काही ठिकाणी वरून किनाको, म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. संपलं, एवढंच सामान असतं, त्यामुळे तांदूळ शिळा असला किंवा पाला जुना असला तर लपवायला काहीच नसतं.

कानसाई भागात, म्हणजे ओसाका-क्योटोकडे, लोक जास्त करून योमोगी मोची म्हणतात, टोकियोकडे कुसामोची, नागासाकीच्या शिमाबारा भागात फुत्सु मोची, आणि निईगाताला बांबूच्या पानात गुंडाळलेले सासादांगो नावाचे गोळे मिळतात ज्यात हाच पाला असतो. फार पूर्वी या पाल्याऐवजी हाहाकोगुसा नावाची दुसरी रानभाजी घालायचे, योमोगी नंतर आली. ३ मार्चच्या हिनामात्सुरीला, म्हणजे मुलींच्या सणाला, शंकरपाळीच्या आकाराची जी तीन थरांची मोची मांडतात तिचा हिरवा थर पण परंपरेने योमोगीचाच.

कुठे जायचं

उदाहरण म्हणून मी ताइमादेरा निवडलंय. नारा प्रांतातल्या कात्सुरागी शहराचा हा एक शांत कोपरा, ओसाकाहून अर्ध्या दिवसात आरामात होतो, आणि स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या च्यूजोदो होम्पो नावाचं जुनं दुकान आहे ज्यांची च्यूजो मोची प्रसिद्ध आहे. या मोचीत आन आत नसतो, वर असतो. छोटासा, एका-दोन घासांचा हिरवा गोळा आणि त्यावर गुळगुळीत आन असा बसवलेला की पिओनी या फुलाच्या पाकळीसारखा दिसतो, कारण इथलं ताइमा-देरा देऊळ पिओनीच्या बागांसाठी नावाजलेलं आहे. नाव च्यूजोहिमेवरून आलंय, त्या राजघराण्याजवळच्या मुलीने कमळाच्या देठातल्या तंतूंनी एका रात्रीत मंडल, म्हणजे बौद्ध धार्मिक चित्र, विणलं अशी आख्यायिका आहे, आणि ती या देवळाशी जोडलेली आहे.

नाराला हरणं बघायला जाणारच असाल तर तिथे सान्जो-दोरी या रस्त्यावर नाकातानिदो हे दुकान आहे, जिथे दोघंतिघं मिळून ओरडत ओरडत भन्नाट वेगात मोची कुटतात आणि तीच हिरवी मोची किनाको लावून गरमागरम विकतात. ते जरूर बघा, मजा येते, मोची पण चांगली असते. पण तिथे गर्दी आणि मोबाईल वर धरलेले हात इतके असतात की दुकानदाराशी चार शब्द बोलणं, बसून चहाबरोबर खाणं हे काही होत नाही. मला तरी छोट्या गावचा अनुभव त्याहून जास्त मोलाचा वाटतो.

कधी जायचं

पाला वर्षभर वापरतात कारण वसंतात खुडून, उकडून फ्रीझ करतात किंवा वाळवतात, त्यामुळे ऑक्टोबरात गेलात म्हणून मिळणार नाही असं नाही. तरी खरा वास मार्च ते मे. त्यातही ताइमादेराला एप्रिलचा शेवट ते मेची सुरुवात हा पिओनीचा काळ, म्हणजे बाग आणि मोची दोन्ही जमतं. अडचण अशी की एप्रिलच्या शेवटी जपानची गोल्डन वीकची सुट्टी लागते, त्या दिवसांत अख्खं ओसाका फिरायला बाहेर पडतं, म्हणून जमलं तर सुट्टीच्या आधीचा वीकडे धरा. १४ एप्रिलला देवळात नेरिकुयो नावाचा सोहळा असतो, बोधिसत्त्वांचे सोनेरी मुखवटे घातलेली माणसं उंच बांधलेल्या लाकडी पुलावरून मिरवणुकीने जातात, बघण्यासारखा आहे पण त्या दिवशी मोचीची रांग लांब असणार हे धरून चला.

कडक उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमधे, अशी बरीच दुकानं मोठी सुट्टी घेतात कारण न टिकणारा माल त्या हवेत करणं परवडत नाही. पर्यटकांना हे माहीतच नसतं. म्हणून जायच्या आदल्या दिवशी दुकानाची वेबसाइट किंवा इन्स्टाग्राम बघा. गूगल मॅप्सवरच्या वेळांवर एकट्यावर विसंबू नका, छोटी दुकानं अचानक सुट्टी घेतात आणि मॅपवर ते दिसत नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर नीट विनंती केली तर ते दुकानाला फोन करून उद्या उघडं आहे का विचारतात, आणि बॉक्स हवा असेल तर बुकिंग पण करून देतात. फोनवर बुकिंग ही तिथली नेहमीची रीत आहे, गावातले लोक आधी सांगून ठेवतात आणि काउंटरच्या मागे जी बांधलेल्या बॉक्सची चळत दिसते ती त्यांचीच असते, ती बघून माल भरपूर आहे असं समजू नका.

कसं पोचायचं

ओसाकात तेन्नोजी स्टेशनच्या अगदी समोर किन्तेत्सु कंपनीचं ओसाका-आबेनोबाशी स्टेशन आहे, ३०० मीटर उंच आबेनो हारुकास इमारतीच्या पायथ्याशी, म्हणजे चुकायचा प्रश्न नाही. तिथून मिनामी-ओसाका लाइनवर जुन्क्यू, म्हणजे सेमी-एक्स्प्रेस पकडा. ही फुरुइची स्टेशननंतर प्रत्येक ठिकाणी थांबते आणि साधारण चाळीसेक मिनिटांत ताइमादेराला सोडते. इथे दोन गोष्टी सांभाळा. क्यूको म्हणजे एक्स्प्रेस आणि तोक्क्यू म्हणजे लिमिटेड एक्स्प्रेस या गाड्या ताइमादेराला थांबत नाहीत, तोक्क्यूला वर जास्तीचं तिकीट लागतं. दुसरं, काही जुन्क्यू फुरुइचीहून दुसऱ्या फाट्याने कावाची-नागानोकडे जातात, त्यामुळे गाडीवरचं शेवटचं स्टेशन काशिहाराजिंगु-माए दिशेचं आहे ना ते बघूनच चढा. इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड चालतं. क्योटोहून येणार असाल तर किन्तेत्सुनेच यामातो-साइदाइजीमार्गे काशिहाराजिंगु-माएपर्यंत यायचं आणि तिथून उलट्या दिशेने ताइमादेरा. जे. आर. पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, किन्तेत्सुवर चालत नाही, हे आपल्याकडच्या टूर ग्रुपवाल्यांना अजिबात माहीत नसतं.

सकाळी दुकान उघडतं त्या सुमाराला पोचायचा प्रयत्न करा. दुपारी दोन-तीनला पोचून "असेल ना काहीतरी" हा हिशोब इथे चालत नाही, माल संपला की दुकान बंद. संपला असेल तर उरिकिरे असं लिहिलेली पाटी लावतात. दारावर कापडी पडदा, म्हणजे नोरेन, लटकत असेल तर दुकान चालू, तो आत काढून ठेवला असेल तर बंद किंवा अजून तयारी चालू, मग कितीही दिवे दिसले तरी दार सरकवू नका.

दुकानात गेल्यावर

दार बहुधा सरकतं असतं. आत शिरताना "सुमिमासेन" किंवा सकाळ असेल तर "ओहायो गोझाइमास" म्हणा, बाई आतून "इराश्शाइमासे" म्हणत येतील, त्याला उत्तर द्यायची गरज नाही, हसून मान हलवली की झालं. मग बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो इथे खाणार की घेऊन जाणार. इथे खायचं असेल तर "कोको दे ताबेमास", न्यायचं असेल तर "मोचिकाएरी दे". हा प्रश्न बिलासाठी पण असतो, कारण ऑक्टोबर २०१९ पासून तिथे खाऊन घेतलं तर १० टक्के कर आणि घेऊन गेलात तर ८ टक्के. फरक किरकोळ आहे, म्हणून पार्सल सांगून तिथेच बाकावर बसून खाणं वगैरे करू नका, बरं दिसत नाही.

मागायचं असं : "योमोगी मोची, फुतात्सु, ओनेगाई शिमास." म्हणजे दोन द्या. एक हितोत्सु, दोन फुतात्सु, तीन मित्त्सु, चार योत्त्सु, पाच इत्सुत्सु. एवढं पाठ करा, पुढचं बोटांनी भागतं. ताइमादेराला बसून खायचं असेल तर मोची आणि चहा असा सेट मिळतो, पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच घ्यावा. इतर गावांत पर्याय असेल तर दुकानदार कोशीआन की त्सुबुआन विचारू शकतो, कोशीआन म्हणजे गाळून गुळगुळीत केलेला आणि त्सुबुआन म्हणजे दाणे राखलेला. माझं मत विचाराल तर पाल्याचा वास जोरदार असेल तिथे त्सुबुआन छान लागतो, पण च्यूजो मोचीसारख्या नाजूक गोळ्याला कोशीआनच पाहिजे.

पैसे रोख ठेवा. हजार येनच्या नोटा आणि नाणी. शंभर-दोनशे येनच्या वस्तूला दहा हजारची नोट पुढे करणं छोट्या दुकानात खरंच अडचणीचं होतं. पैसे हातात देऊ नका, काउंटरवर छोटा ट्रे असतो त्यात ठेवा, सुट्टे पण त्यातच परत येतील. टिप द्यायची नाही. फोटो काढायचा तर आधी "शाशिन, ई देस का" विचारा, आणि आत काम करणाऱ्या माणसांचे चेहरे टाळा, मोचीचा काढा हवा तेवढा.

शाकाहारी मंडळींसाठी

हा भाग आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागतो. साधी योमोगी मोची म्हणजे तांदूळ, पाला, अझुकी, साखर, चिमूट मीठ, त्यात दूध, अंडं, जिलेटिन सहसा काही नसतं. पण त्याच काचपेटीतल्या बाकी गोष्टींचं तसं नाही. दोरायाकीत अंडं असतं, मिताराशी दांगो, म्हणजे सॉस लावलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, त्यांच्या सॉसमधे कधी कधी माशाचा दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो, फळं घातलेल्या मोचीत क्रीम असू शकतं. शंका असेल तर "तामागो, ग्यून्यू, झेराचिन, हाइत्ते इमास का" म्हणजे अंडं, दूध, जिलेटिन आहे का, असं विचारा. जैन मंडळींनी दोन गोष्टी अजून बघाव्यात, मोची चिकटू नये म्हणून वर भुरभुरतात ते पीठ बटाट्याचं स्टार्च म्हणजे काताकुरिको असू शकतं, आणि जोयो मांज्यू नावाच्या पांढऱ्या मऊ मिठाईत कंद किसून घातलेला असतो.

ॲलर्जी : किनाको म्हणजे सोयाबीन. योमोगी ही शेवंती आणि गाजरगवताच्या कुळातली, तेव्हा ज्यांना गाजरगवताने त्रास होतो त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, गरोदर बायकांनी पण.

खायचं कसं, आणि इथे घाई करू नका

आईबाबांना किंवा लहान मुलांना घेऊन गेला असाल तर हे नीट वाचा. जपानमधे दर नवीन वर्षाला मोची घशात अडकून म्हातारी माणसं दगावतात, टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी सूचना काढतं. ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही. छोटे तुकडे करायचे, आधी चहाचा घोट घेऊन घसा ओला करायचा, पूर्ण चावायचं, तोंडात घास असताना बोलायचं नाही. कवळी असेल तर मोची तिला चिकटते, त्यांनी अगदी कणभर घेऊन बघावं. एकदम लहान मुलांना देऊच नका.

बाकीच्यांनी असं करा. बशी समोर आली की आधी हुंगा, आनाचा गोड वास वरचा असतो, त्याच्या खाली पाला येतो. मग कडेने बघा, हिरवा रंग एकसारखा नसतो, गडद ठिपके आणि बारीक काळपट धागे दिसतात, ते पाल्याचे तंतू. एकदम स्वच्छ पोपटी, गुळगुळीत रंग दिसला तर बहुधा पावडर किंवा रंग वापरलाय. लाकडी काडीने अर्धा तुकडा करा, काडीला ओढ लागली पाहिजे, कापलेल्या जागी मोची थोडी ताणून हळूच मागे सरते, सटकन तुटली तर ती सकाळची नाही. पहिला घास आनासकट. गोड आधी कळतं, मग चावता चावता कडसर हिरवी चव वर येते आणि गोड संपल्यावर तीच जिभेवर राहते. त्यावर बिनसाखरेचा हिरवा चहा. मला ही कडसर शेपूटच सगळ्यात जास्त आवडते, तिच्यासाठीच एवढा प्रवास करायचा, कारण बॉक्समधल्या मोचीत नेमकी तीच नसते.

चालता चालता खाऊ नका, दुकानाचा बाक किंवा देवळाबाहेरची बसायची जागा शोधा. रस्त्यावर कचराकुंडी जवळपास नसतेच, रिकामा कागद बॅगेत ठेवायला एक पिशवी जवळ असू द्या.

खाऊन झालं की देवळात जा, स्टेशनपासून सरळ रस्त्याने पंधराएक मिनिटं चालायचं. वाटेत सुमोचं छोटं म्युझियम लागतं, केहायाझा, कारण ताइमा नो केहाया हा सुमोच्या आरंभकथेतला पैलवान इथला, निहोन शोकी या प्राचीन ग्रंथात त्याच्या कुस्तीची गोष्ट आहे. देवळात पूर्व आणि पश्चिम असे दोन जुने तीनमजली पॅगोडे आहेत, प्राचीन काळचे दोन्ही पॅगोडे शाबूत असलेलं जपानमधलं हे एकमेव देऊळ. मागे निजो डोंगराची दोन शिखरं. दोन-अडीच तास सहज जातात.

घरी न्यायची असेल तर

बॉक्स सकाळीच घ्या, परत येताना मिळेल या भरवशावर राहू नका. दुकानदार देताना "क्यो-ज्यू नी" असं काहीतरी म्हणतील, म्हणजे आजच्या आज संपवा, आणि ते खरंच तसंच असतं. उकडीच्या मोदकाची पारी दुसऱ्या दिवशी कशी कडक होते तसंच इथे होतं, तांदळातलं स्टार्च थंड झालं की परत घट्ट होत जातं, आणि फ्रिजच्या तापमानाला ते सगळ्यात पटकन होतं. त्यामुळे हॉटेलच्या फ्रिजमधे ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. सावलीत, बॅगेत वरच्या बाजूला, आडवा बॉक्स, संध्याकाळच्या आत संपवा. भारतात आणायचा विचार सोडून द्या, विमानातून उतरेपर्यंत ती कडक झालेली असते आणि आनाचा भरवसा नसतो.

जपानमधेच राहत असाल तर एक करता येतं, उरलेली मोची त्याच दिवशी एक एक वेगळी घट्ट क्लिंग फिल्ममधे गुंडाळून सरळ फ्रीझरमधे टाका, फ्रिजमधे नाही. खायच्या वेळी बाहेर काढून आपोआप सुटू द्या. आन आत असलेली मोची कडक झालीच असेल तर तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून भाजा, बाहेरून कुरकुरीत आतून मऊ होते, पाल्याचा वास भाजल्यावर वेगळाच उठतो. आन वर असलेल्या च्यूजो मोचीला हे जमत नाही, आन तव्याला लागून करपतो.

टोकियोत निशी-कासाईला राहणाऱ्या आपल्या लोकांना ओसाकापर्यंत यायची पण गरज नाही. तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून आसाकुसा लाइनच्या केइसेईकडे जाणाऱ्या गाडीने ताकासागो, आणि गाडी बदलून पुढचंच स्टेशन शिबामाता. ताइशाकुतेन देवळाकडे जाणाऱ्या जुन्या गल्लीत कुसादांगोची दुकानं आहेत, दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, त्यामुळे मोचीपेक्षा थोडे कमी चिवट, आणि आन बरोबर दिलेला असतो. शनिवार-रविवारी गल्ली भरलेली असते, वीकडेला सकाळी जा.